नजरअंदाज आणेवारी

पाऊस पाडण्याचं काम देवाने स्वतःकडे ठेवलं आणि तो किती पडेल, त्यावर काय पिकेल आणि पिकलेलं कोणत्या भावाने जाईल हे सांगण्याचं काम आमच्या थोरल्या साडूंकडे सोपवलं. पुढे या दोन खात्यांमध्ये कधी पत्रव्यवहार झाला नाही. साडूंनी उघडीप सांगितली की आमच्या नाशकात लोक गच्चीवरचे पापड आत घेतात. त्यांनी कांदा चढणार म्हटलं की तो असा पडतो की उचलायला माणूस मिळत नाही. चुकण्यालाही काही मर्यादा असते. चार अंदाज केले तर एखादा तरी नजरचुकीने बरोबर यावा. पण साडूंच्या चुकण्यात एक शिस्त आहे, आणि ती त्यांनी सरकारी नोकरीत अंगी बाणवली आहे.

नोकरी तलाठ्याची. त्यामुळे निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी सगळं गणगोत त्यांना भाऊसाहेबच म्हणतं. उभं पीक पाहून ते सोळा आण्यांपैकी किती आणे आलं आहे हे ठरवायचं, याला आणेवारी म्हणतात. सरकारने पुढे तिची पैसेवारी केली, पण साडूंनी आणे सोडले नाहीत. पहिला अंदाज नुसत्या डोळ्यांनी करायचा, तो नजरअंदाज. आठ आण्यांच्या खाली गाव गेलं की दुष्काळ. या एका हिशेबात त्यांनी सगळं विश्व बसवलं. माझ्या बायकोने कौतुकाने वाढलेली पुरणपोळी तोंडात घोळवून ते "अकरा आणे" म्हणतात, आणि ती बिचारी उरलेले पाच आणे कुठे गेले म्हणून रात्रभर कुढते. पुतण्यासाठी स्थळ पाहायला गेले तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले, "मुलगी पंधरा आणे आहे. आपला मुलगा सहा. आपण निघावं हे बरं." माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात आले, पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून मला नीट न्याहाळलं आणि सलाइन बदलणाऱ्या नर्सला म्हणाले, "पाच आणे. दुष्काळ जाहीर करायला हरकत नाही."

नाकाने कांदे सोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण साडूंना नाक, कान, अंगठा सगळंच लागतं. बांधावर उभं राहून अंदाज करणाऱ्यांना ते हलके समजतात. रस्त्याकडेचं पीक शेतकऱ्याने पाहुण्यांसाठी ठेवलेलं असतं, असं त्यांचं मत. म्हणून ते कोणाच्याही शेतात थेट मधोमध चालत जातात, एक पात ओढतात, चुरगळतात, वास घेतात, खाली बसून ढेकूळ फोडतात, आणि इतकं सगळं शास्त्र करून शेवटी चुकीचं सांगतात. एकदा चांदवडच्या बाजूला आम्ही असेच वाफ्यात उभे होतो. आभाळ काळंभोर झालेलं. साडूंनी वर न पाहताच सांगितलं, "काही येत नाही. वारा बघा कुठला आहे." पाच मिनिटांत सुपारीएवढ्या गारा सुरू झाल्या. आम्ही दोघं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली गुडघे पोटाशी घेऊन बसलो, आणि तिथेही हा गृहस्थ म्हणतो, "हे स्थानिक स्वरूपाचं आहे, सर."

मी शाळामास्तर, म्हणून मला ते 'सर' म्हणतात, पण असं म्हणतात की त्यातून मला चार आणेसुद्धा मिळू नयेत.

आता हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण आमच्या सासऱ्यांना दोन मुलीच. त्यांची चांदवडजवळची चार एकर जमीन दोघींच्या नावावर लागली, म्हणजे थोरल्या ताई आणि माझी बायको. ताई साडूंच्या शब्दाबाहेर नाहीत. आणि साडूंचा शब्द म्हणजे पुढचा हंगाम. माझं म्हणणं एवढंच होतं की जमीन विकावी, आमच्या वाट्यातून मला तळमजल्यावरचं घर घेता येईल. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, आणि माझ्या बायकोचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले आहेत. अडुसष्ट पायऱ्या आहेत. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी तिच्यासाठी दाराबाहेर एक खुर्ची कायमची ठेवली होती. भाजी आणायला गेलेली बायको त्या खुर्चीत बसलेली दिसली की मला साडूंचा संताप यायचा.

कारण साडूंचा सिद्धान्त असा होता: कांद्याला भाव आला की गावातल्यांच्या हातात पैसा येतो आणि जमिनीला गिऱ्हाईक येतं, तेव्हा भाव येईपर्यंत थांबावं. ऐकायला बिनचूक. पण भाव पडला की ते म्हणायचे, "पडत्या बाजारात कोणी शहाणा विकतो का?" आणि भाव चढला की म्हणायचे, "आता कशाला विकता? आता तर कुठे चढायला लागलाय." अशी आठ वर्षं गेली. जमिनीच्या भावातलं त्यांचं ज्ञान तर आणखी भयंकर. हायवेलगतच्या एका माळाकडे बोट दाखवून "इथे कुत्रं फिरकणार नाही" असं त्यांनी सांगितलं, तिथे आज तीन मजली हॉटेल आहे आणि कुत्र्यांनाही आत घेतात. जिथे सोनं पिकणार होतं तिथे शहराचा कचरा पडतो. 'प्लॉट विक्रीस आहे' अशी पाटी दिसली की गाडी थांबवायला लावून ते मालकाला फोन करायचे, पाऊण तास चौकशी करायचे आणि शेवटी त्याला सांगायचे, "एवढ्यात विकू नका." स्वतः त्यांनी आयुष्यात एक गुंठा घेतला नाही.

त्यांच्यामुळे भलं झालेला माणूस मला एकच ठाऊक आहे, तो म्हणजे आमचा वाटेकरी निवृत्ती. त्याने भाऊसाहेबांचा गुण पहिल्याच वर्षी ओळखला. कांदा काढून झाला की तो न चुकता फोन करायचा. "भाऊसाहेब, काय करू? कांदाचाळीत ठिवू का मोकळा करू?" साडू गंभीरपणे म्हणायचे, "ठेव. दोन महिने हात लावू नकोस." दुसऱ्या दिवशी सकाळी निवृत्तीचा ट्रॅक्टर बाजार समितीच्या दारात. एका वर्षी साडूंनी टोमॅटोचं वाटोळं होणार असं सांगितलं. निवृत्तीने शेजाऱ्याचंही रान करायला घेऊन सगळीकडे टोमॅटो लावला आणि त्यावर घराला स्लॅब घातला. मग पेढे घेऊन साडूंच्या पाया पडायला आला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, लय मोठा माणूस हाय. येकदाबी चुकत नाय चुकायला." साडूंनी पेढा खाल्ला आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "शिकलेल्यांपेक्षा यांना सल्ल्याची किंमत असते."

गेली दोन-तीन वर्षं त्यांचा साहेबी थाट जास्तच वाढला होता. सकाळी मला फोन करून पेपरातले बाजारभाव मोठ्याने वाचायला लावायचे, जणू मी त्यांचा कारकून. शेतावर गेलो की स्वतः गप्प, आणि निवृत्तीला हुकूम, "तू सांग. पात कशी आहे? रंग सांग." परीक्षा घेतल्यासारखं. बांधावरून चालताना माझ्या खांद्यावर हात टाकायचे. हा सलगीचा नवा प्रकार मला अजिबात आवडला नव्हता. मी घरी येऊन बायकोला म्हणालोसुद्धा, "तुझ्या दाजींना आता पालखीच हवी."

मग गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी वणीकडचा एक द्राक्ष बागायतदार आपण होऊन चालत आला. त्याला जमीन पसंत होती, भाव आमच्या अपेक्षेपेक्षा थोडा वरच होता, आणि निवृत्तीला वाट्याने कायम ठेवायचीही त्याची तयारी होती. फक्त उभं पीक पाहून पक्कं करू म्हणाला. मी साडूंना बजावलं, "भाऊसाहेब, आज पुढचा हंगाम काढायचा नाही." शेतावर पोहोचल्यावर बागायतदार निवृत्तीबरोबर विहीर बघायला गेला, आणि साडू सवयीप्रमाणे कांद्याच्या वाफ्यात मधोमध जाऊन उभे राहिले. बराच वेळ झाला तरी हलेनात. मी वैतागून मागे गेलो.

ते हळू आवाजात म्हणाले, "सर, शेंडे पिवळे पडलेत का?"

"पिवळे? वाळलेत. करपलंय सगळं. समोर तर दिसतंय."

"दिसत असतं तर तुम्हाला विचारलं असतं का?"

मला आधी वाटलं, टोमणा आहे. पण त्यांचा चेहरा माझ्याकडे नव्हता, माझ्या थोडा डावीकडे होता. मग त्यांनी सांगितलं. काचबिंदू. कळलं तेव्हा उशीर झाला होता, गेलेली नजर परत येत नाही असं डॉक्टर म्हणाले. उजव्या डोळ्याने उजेड कळतो, डाव्याने तेवढाही नाही. "तीन वर्षं मी अंदाजाने अंदाज सांगतोय," ते म्हणाले. मी म्हणालो, "आम्हाला फरक कळला नाही." आणि आम्ही दोघंही त्या करपलेल्या वाफ्यात उभे राहून मूर्खासारखे हसलो.

हसू ओसरल्यावर मला रागच आला. एवढं लपवायचं काय कारण होतं? आणि जमीन अडवून धरायचं काय कारण होतं? मी तसं स्पष्ट विचारलं. ते पायाने ढेकूळ चाचपत म्हणाले, "हंगामाला दोनदा तुम्ही गाडी काढता, मला इथं आणता. हे रान मला पायाला पाठ आहे. इथं मी कुणाचा हात न धरता मधोमध जाऊ शकतो. जमीन विकली की मला आणायचं तुम्हाला काय कारण?"

खरं उत्तर 'काहीच नाही' असं होतं. माझ्या डोळ्यांसमोर ती दुसऱ्या मजल्यावरची खुर्ची आली आणि मी तेही बोललो. म्हणालो, "भाऊसाहेब, तिला चढवत नाही हो."

"माहितेय मला," ते म्हणाले. "तुमच्या जिन्यात ती माझ्या मागेच असते. प्रत्येक पायरीला ऐकतो." मग म्हणाले, "चला. त्याला बोलवा."

बागायतदार आला. हसत म्हणाला, "काय भाऊसाहेब, तुमचं नाव लय ऐकलंय. किती आणे पीक हाय?"

साडू सरळ उभे राहिले आणि कचेरीत अहवाल वाचावा तसे म्हणाले, "सहा. करपा आहे. खालचा कोपरा पावसाळ्यात पाणी साचून चिबडतो. विहीर मार्चच्या पुढे पुरत नाही. जमीन चांगली आहे, पण शेततळं केल्याशिवाय तुमचं द्राक्ष जगणार नाही. पुढच्या हंगामाला काय होईल ते मला माहीत नाही. घ्यायची तर आज घ्या."

'मला माहीत नाही' हे शब्द त्यांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. बागायतदारही चाट पडला. "इकायला निघालेला माणूस असं बोलतो व्हय?" म्हणाला, आणि खालच्या कोपऱ्यापायी थोडी घासाघीस करून तिथेच सौदा पक्का केला. परत येताना साडूंनी माझं कोपर धरलं होतं. बागायतदाराला वाटलं असावं, साडूसाडूंचं काय प्रेम आहे.

ताईंना सांगावं की नाही यावर मी आठवडाभर झोपलो नाही. शेवटी सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "तीन वर्षांत मी घरातलं एक स्टूल तरी जागचं हलवलंय का? त्यांना कळू द्यायचं नव्हतं, म्हणून मीही कळू दिलं नाही."

आता आम्ही तळमजल्यावर राहतो. साडू वास्तुशांतीला आले, चारही भिंतींना हात लावून फिरले आणि म्हणाले, "तेरा आणे. तीन डासांचे कापले." माझी बायको हसली, या वेळी कुढली नाही. निवृत्ती अजून त्यांना फोन करतो आणि अजून उलटंच करतो.

आणि मी, कोणी सांगितलं नसताना, हंगामाला दोनदा गाडी काढतो. वणीच्या रस्त्याला, नाहीतर चांदवडकडे, कुठेही बरं रान दिसलं की थांबतो, शेतकऱ्याला विचारतो आणि साडूंना मधोमध नेऊन उभं करतो. मग त्यांना पीक वाचून दाखवतो. मला ते नीट येत नाही. तहानलेलं कोणतं आणि रोगट कोणतं हे मला कळत नाही, आणि ते माझ्यावर खेकसतात, "पोपटी म्हणजे कसलं पोपटी? नीट बघा की!"

परवा अशाच एका रानात थांबलो होतो. अवकाळीने कांदा झोडपून आडवा केला होता. मालक बांधावर डोक्याला हात लावून बसलेला. साडूंनी विचारलं, "किती दिसतंय, सर?" सांगवेना म्हणून मी म्हणालो, "बारा आणे."

ते खाली बसले. चिखलातली पात दोन बोटांत धरून शेंड्यापासून बुडापर्यंत हात फिरवला, शेजारची धरली, तिच्याही शेजारची धरली. मग उठून धोतराला हात पुसले.

"बारा तर बारा," ते म्हणाले, आणि माझं कोपर शोधू लागले.