मामा स्टेजवर चढले

आमच्या मामांची नक्कल सगळ्यात सोपी. ओठ घट्ट मिटायचे, भुवया कपाळात न्यायच्या आणि काहीही विचारलं तरी नाकातून "म्हं" म्हणायचं. मामा विद्यापीठाच्या संगीत विभागात सव्वीस वर्षं फुंकून वाजवायची वाद्यं दुरुस्त करत आले. काम करताना बुचाचे तुकडे ओठांत धरतात. वाद्यावरची एखादी चावी हलू नये म्हणून तिच्याखाली तुकडा खुपसायचा, काम झालं की काढायचा.

गेल्या महिन्यात मामांकडून एका धातूच्या बासरीचा स्क्रू बसवायचा राहिला. तेव्हा विभागप्रमुख सर ताल दिल्यासारखे म्हणाले होते, "अजून. एक. चूक. की किल्ल्या. टेबलावर." म्हणजे नोकरी खलास.

परवा संध्याकाळी विभागाच्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम होता. मध्यंतरात मी मामांचा चष्मा द्यायला मागच्या खोलीत गेले, तर वृंदातली सॅक्सोफोनवाली ताई तिथे घाईने थयथय नाचत होती. "मामा, स्प्रिंग निघालीय! लवकर ना, सुरुवात माझीच आहे!"

"म्हं."

घंटा झाली. मामांनी कशीबशी स्प्रिंग बसवून वाद्य तिच्या हातात कोंबलं, ती पळाली. मी येऊन आई-मामींजवळ बसले.

ताईने फुंकलं. सूर वर चढायच्या जागी भॉंक! सर्दी झालेल्या म्हशीसारखा. मागे कोणीतरी फिसकन हसलं. तिने पुन्हा फुंकलं. पुन्हा भॉंक. समोर ताल देणाऱ्या सरांनी हात वर करून अख्खा वृंद थांबवला.

"सराव. करून. यायचं. असतं."

भरल्या सभागृहात! ताईचे कान लालबुंद. मामी कुजबुजल्या, "काय गं बाई, घरी वाद्याला हातच लावत नाही वाटतं." आणि पुढच्याच क्षणी माझं मनगट आवळलं. "अगं, हे कुठे निघाले?"

बाजूच्या दारातून मामा येत होते. कामाचा एप्रन तसाच, चेहरा खडूसारखा. स्टेजवर चढले. वाकून एका चावीखालून बुचाचा तुकडा उपसला, सरांसमोर धरला आणि शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं बोलले,

"तिची चूक नाही. हा मी काढायला विसरलो."

मी आ वासून बघतच राहिले. आईच्या हातातली कार्यक्रमपत्रिका खाली पडली. एवढा मोठा, खणखणीत आवाज या माणसात होता? मी इतकी वर्षं नक्कल करतेय ती कोणाची?

ताईने पुन्हा सुरुवात केली, शेवटपर्यंत वाजवलं. टाळ्या थांबेनात.

नंतर बाहेरच्या व्हरांड्यात सर एवढंच म्हणाले, "किल्ल्या." मामांनी जुडगा काढून दिला. मला वाटलं होतं, सर आता तरी हसतील, पाठ थोपटतील. छे! जुडगा खिशात टाकून चालू लागले.

फाटकाबाहेर पडताच मामी फुटल्याच. "गप्प बसला असतात तर कुत्र्याला तरी कळलं असतं का? कार्यक्रमानंतर हळूच काढायचा होता! सव्वीस वर्षं, अहो, सव्वीस!"

मामा चालत राहिले. मग विचारतात, "वरचा सूर आला का गं नीट? मला दाराआडून कळलं नाही."

"ऐका! नोकरी गेली आणि ह्यांना सूर हवाय!"

पुढच्या वळणावर मामींनी पदराने नाक पुसलं.

"आला," त्या म्हणाल्या. "स्वच्छ आला."