पप्पांची हरकत

माझ्या सासऱ्यांना कुठलीच गोष्ट पहिल्या फटक्यात पसंत पडत नसे. अंबरनाथच्या एका कारखान्यात माल तपासण्यात त्यांचा जन्म गेला, आणि तिथे सगळे त्यांना 'रिजेक्टसाहेब' म्हणत. निवृत्तीनंतर ते बदलापूरला, कात्रपच्या आमच्या फ्लॅटमध्ये आले आणि कारखान्याची सुटका होऊन आमची पाळी आली. भाजीवाल्याची मेथी रिजेक्ट, माझा रस्सा रिजेक्ट, सोसायटीने लावलेला नवा रंग रिजेक्ट. पप्पांना जाऊन आता वर्ष होत आलं. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. बोलेन की, पण आधी जे होतं ते सांगते.

"मूळ माल बघितल्याशिवाय सही करायची नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमच्या अंबरनाथच्या चर्चचे पाळकसाहेब दर रविवारी उपदेशात कुठेतरी म्हणायचे की मूळ ग्रीक भाषेत याचा अर्थ फार खोल आहे. मंडळी माना डोलवायची आणि घरी जाऊन मटण खायची. पप्पांना मात्र ते एके दिवशी टोचलं. नवा करार मुळात ग्रीकमध्ये, म्हणजे आपण इतकी वर्षं दुसऱ्याने पास केलेला माल वाचतोय, असं त्यांनी घरी येताना रिक्षातच जाहीर केलं. त्याच आठवड्यात बायबलच्या ग्रीकचा ऑनलाइन कोर्स सुरू झाला.

मग काय विचारता! सकाळी पोळ्या लाटायच्या वेळेला बाहेरच्या खोलीत मोबाईल उभा, त्यात कोणी गोरा मास्तर, आणि समोर आमचे पप्पा मोठमोठ्याने अल्फा-बीटा घोकतायत. कुकरची शिट्टी झाली की माझ्यावर डोळे वटारायचे. मास्तर रेकॉर्ड केलेला होता, तरी त्याला मध्येच थांबवून हे शंका विचारत. धड्याच्या शेवटी परीक्षा असे. ती बहुतेक वेळा लाल खूण दाखवायची. मग ॲप रिजेक्ट. चूक आपली असू शकते, हा विचार त्या डोक्यात कधी शिरलाच नाही. चार धडे होतात न होतात तोच नाकाने कांदे सोलायला लागले. वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकांनाही लिफ्टपाशी अडवून ग्रीक ऐकवायचे. ते बिचारे लिफ्टची वाट बघत हो हो करायचे.

हे सगळं सहन करायची ती माझी नणंद करुणा. सासूबाई गेल्यावर बापाला तिनेच सांभाळलं. कोर्सचा पासवर्डसुद्धा तीच लक्षात ठेवायची. तिशी उलटून गेली होती तिची, कारण पप्पांनी आलेली स्थळंसुद्धा मेथीसारखी परत पाठवली होती. एकाचे खांदे पडलेले, एक फार हसतो, एकाच्या घरी चपला नीट ठेवत नाहीत. शेवटी तिनेच उल्हासनगरचा संदेश पसंत केला आणि आम्ही सगळे हात जोडून पप्पांच्या मागे लागलो. पप्पांनी होकार दिला, पण तोंडाने नाही, मानेने.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये पुकारा होतो. अमक्याचं अमकीशी लग्न ठरलं आहे, कोणाची हरकत असेल तर आताच सांगावी, असं पाळकसाहेब म्हणतात आणि क्षणभर थांबतात. कोणी कधी काही बोलत नाही. तिसऱ्या पुकाऱ्याला संदेशची माणसं उल्हासनगरहून अंबरनाथला मुद्दाम आली होती. पाळकसाहेबांनी उपदेशात पुन्हा मूळ ग्रीक काढलं आणि पप्पा चुळबुळायला लागले. उपदेश चालू असताना मध्ये बोलणार नाही, असं वचन करुणाने त्यांच्याकडून घेतलं होतं. म्हणून उपदेश संपेपर्यंत ते मोबाईलमध्ये मान घालून आपला धडा शोधत बसले. तेवढ्यात उपदेश संपून पुकारा सुरू झाला, त्याचा त्यांना पत्ताच नाही. पाळकसाहेब थांबले, चर्च शांत झालं, आणि पप्पा मोबाईल उंच धरून उभे राहिले.

"माझी हरकत आहे," ते म्हणाले.

सख्खा बाप! अख्खं चर्च मागे वळलं. संदेशची आई पर्स उचलून उठली, तिच्यामागे तिची सगळी माणसं उठली. पप्पा आपले मूळ शब्दाचा अर्थ समजावतायत. माझ्या नवऱ्याने त्यांना ओढून खाली बसवलं. पाळकसाहेब म्हणाले, हरकत भर उपासनेत घेतली आहे, ती भर उपासनेतच मागे घ्यावी लागेल, तोवर लग्न थांबलं. करुणा घरी येऊन रडलीसुद्धा नाही. तिने फक्त एवढंच विचारलं, "पप्पा, मी तुमच्या शेजारीच बसले होते. माझं नाव घेतलेलं ऐकू आलं नाही तुम्हाला?" पप्पांनी त्या दिवशी धडा लावला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांना उल्हासनगरला नेलं. मोबाईल मी आधीच काढून घेतला होता, नाहीतर तिथेही वर्ग भरला असता. संदेशच्या आईचा जीन्स शिवायचा छोटा कारखाना आहे, बाई बोलायला रोखठोक. "देखो, बापच हरकत घेतो तर आमी पोरगी कशाला आणायची?" तिने विचारलं. पप्पांनी सवयीने खिशात मोबाईल चाचपला. मला वाटलं, आता हा माणूस ग्रीकच काढणार.

"हरकत पाळकांच्या बोलण्याला होती," ते म्हणाले. "मुलगा पास आहे."

हा शब्द त्या तोंडून आम्ही कधी ऐकला नव्हता. बाईला काय त्याचं! तिने 'मग इतका टाइम का लावला' म्हणून दोन शब्द सुनावले आणि चहा टाकला. पुढच्या रविवारी पप्पांनी उभं राहून हरकत मागे घेतली. पाळकसाहेबांचं ग्रीक मात्र चूकच होतं, हेही सांगून घेतलं. सुधारेल तो माणूस कसला!

लग्नाच्या दिवशी करुणाचा हात धरून ते वेदीपर्यंत चालत आले. पाळकसाहेबांनी विचारलं, या मुलीला विवाहात कोण देत आहे? पप्पा गप्प. पुन्हा विचारलं. पुन्हा गप्प. संदेशच्या आईने पर्सला हात घातला. करुणाने हात सोडवून घेतला नाही. हळूच म्हणाली, "पप्पा, मी उल्हासनगरलाच चाललेय."

"मी देतो," ते म्हणाले. इतक्या बारीक आवाजात की मागच्या बाकांना ऐकूच गेलं नाही. मग येऊन ते माझ्या शेजारी बसले. थोड्या वेळाने माझ्याकडे वाकून त्यांनी विचारलं, "बरोबर बोललो ना गं मी?"

इतक्या वर्षांत त्या माणसाने हे कुणालाही विचारलं नव्हतं. "बरोबर बोललात, पप्पा," मी म्हटलं, आणि मला रडू आलं.