शिफ्ट सुटायची वेळ

रोह्याजवळच्या वरसे गावातल्या वैशालीचं काम नेमकं काय, हे तिच्या आईलाही धड सांगता येत नसे. घरी बसून कॉम्प्युटरवर आकडे बघते, एवढंच ती शेजारणींना सांगायची. ते आकडे मोबाईलवर पैसे लावून रमी खेळणाऱ्यांचे होते. कोण कधी खेळतो, कधी सोडतो, सोडलेला पुन्हा कोणत्या वेळी घसरतो, हे वैशालीने शोधून द्यायचं. त्या वेळी माणसाला सावध करायचं आहे, असं कंपनीने सांगितलं आणि तिने ते खरं मानलं. मानायला कारण घरातच होतं. धाकटा भाऊ आदर्श जवळच धाटावच्या कारखान्यात कामाला होता आणि याच रमीपायी त्याची बायको किमया लेकीला घेऊन पेणला माहेरी गेली होती.

रोह्याकडच्या खेळाडूंनी कंपनीतल्या भल्याभल्यांना दमवलं होतं. एक आठवडा दुपारी खेळायचे, पुढचा आठवडा सकाळी. कशाचा कशाला मेळ नाही. वैशालीला ते बघून हसूच आलं. तिच्या घरी स्वयंपाक आयुष्यभर शिफ्टच्या वेळेने होत आला होता, आधी वडिलांच्या, मग आदर्शच्या. आठवडा बदलला की शिफ्ट बदलते, आणि शिफ्ट सुटली की बसमध्ये बसल्या बसल्या माणसं मोबाईल काढतात, हे तिने साहेबांना समजावून दिलं. आकडे पटापट जुळले. साहेबांनी तोंडभरून कौतुक केलं. त्या वेळेचं पुढे काय करणार, हे काही तिने विचारलं नाही. पोरगी हुशार खरी, पण भोळी.

आदर्शने तोवर खेळणं सोडलं होतं. किमयाने बरेच दिवस त्याची पारख केली आणि मगच ती यायला तयार झाली. तो पेणला जाऊन दोघींना घेऊन आला. लेक आधी बापाला ओळखेना, मग त्याच्या कडेवरून उतरेना. भावाचं घर पुन्हा मार्गी लागलं म्हणून वैशाली सुखावली.

महिनाभरातच किमयाने पुन्हा बॅग भरली. भांडली नाही, रडलीही नाही. सासूच्या पाया पडली, लेकीला घेतलं आणि रिक्षात बसली.

वैशाली भावावर तुटून पडली. "सुटलं होतं ना रे तुझं? मग परत का गेलास त्या वाटेला?"

आदर्शने मान खाली घालून मोबाईल पुढे केला. तिच्याच कंपनीचा मेसेज होता: 'दमलात ना? शिफ्ट सुटली, आता एक डाव आमच्याकडून.'

"बसमध्ये बसलो नि हा आला," तो म्हणाला. "पुढच्या आठवड्यात शिफ्ट बदलली, तरी बरोबर सुटल्यावरच आला."

"म्हणून खेळलास?"

"मला वाटलं, तूच धाडलास. माझी शिफ्ट त्या कंपनीत तुझ्याशिवाय कोणाला ठाव हाय, ताई? म्हटलं, ताईनं दिलाय, तर एक डाव खेळायला हरकत नाय."

वैशालीचे डोळे भरून आले. तुझी समजूत चुकली, असं तिला म्हणता येईना.