पेडल तळाला गेलं तेव्हा

खंडाळ्याचा घाट अर्धा उतरून झाला होता. पुढच्या वळणाआधी कुसुमताईंनी ब्रेक दाबला आणि पेडल सरळ तळाला गेलं.

"काहीच लागत नाहीये," त्या म्हणाल्या. आवाज शांत होता.

मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. मागच्या सीटवरून रशीदभाई मेकॅनिक ओरडले, "ताई, पंप करा! गिअर खाली घ्या!"

ताईंनी पेडल भराभर दोन-तीनदा मारलं, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला आणि डोंगराकडच्या मातीला घासत गाडी उभी केली. इंजिन बंद पडलं. पुढच्या चाकांमधून तापलेल्या लोखंडाचा टिकटिक आवाज येत होता. स्टिअरिंगवरचे हात न काढता ताईंनी विचारलं, "कुलकर्णी, हे ब्रेकचे पॅड तुम्हीच बनवलेत ना?"

मीच बनवले होते.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी पिंपरीत ब्रेकचे पॅड आणि लायनिंग बनवणाऱ्या एका कंपनीत डेव्हलपमेंटला होतो. तेव्हा दोन कारखान्यांच्या मध्ये ज्वारी उभी असायची. पहिली शिफ्ट सुटली की हायवे सायकलींनी भरून जायचा. कुसुमताईंचा चिंचवडला फोर्जिंगचा, म्हणजे तापलेलं लोखंड ठोकून भाग घडवण्याचा, छोटा कारखाना होता. त्यांच्या यजमानांनी परदेशातून ही सहा सिलिंडरची गाडी आणली होती. आपल्या साध्या गाड्यांच्या दुपटीहून जास्त ताकदीची. यजमान गेल्यावर ताईंनी कारखानाही चालवायला घेतला आणि गाडीही. दर आठवड्याला मुंबईला, एकट्या. मूळचे पॅड झिजले आणि बाहेरून नवे येईनात. लोक म्हणाले, गाडी विका. त्याऐवजी ताई माझे वरिष्ठ जोगळेकर साहेब यांच्याकडे आल्या.

या ब्रेकची रचना सोपी आहे. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी. दोन पॅड तिला चिमटीत धरतात. पायाचा जोर पॅडपर्यंत पोचवतं ते ब्रेक ऑईल. गाडी थांबते, म्हणजे तिचा सगळा वेग उष्णता होऊन त्या थाळीत जातो.

पहिला सेट मी आमच्या नेहमीच्या कंपाउंडचा, म्हणजे पॅडच्या मिश्रणाचा, केला. घाटात जळका वास सुटला. पेडल दगडासारखं घट्ट, पण गाडी आवरेना. याला फेड म्हणतात: पॅड तापून गुळगुळीत होतो आणि धरतच नाही. मग मी उष्णता सोसणारं कडक कंपाउंड बनवलं. तेव्हा अ‍ॅस्बेस्टॉस आम्ही उघड्या हातांनी, मास्कशिवाय मिसळत असू. ती धूळ फुप्फुसं खाते, हे आज कळतं. तेव्हा मात्र प्रेसमधून निघालेला तो गरम, काळा पॅड हातात घेतला की छाती फुगायची.

हा दुसरा सेट बसवताना रशीदभाई म्हणाले होते, "साहेब, ऑईल बी बदलू या का? लई दिवस झाले. आणि डिस्क पातळ झाल्यात."

गाडी आल्यापासून ती त्यांच्याच आकुर्डीच्या गॅरेजात सांभाळली गेली होती. तरी मी म्हणालो, "ऑईलची लेव्हल बरोबर आहे ना? मग राहू द्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही."

"बरं," ते म्हणाले, आणि पाने-पक्कड गोळा करू लागले.

आता आम्ही तिघं घाटातल्या कठड्यावर बसलो होतो. मी पॅडमध्ये काय चुकलं असेल याचाच विचार करत होतो. अर्ध्या तासाने रशीदभाई उठून गाडीपाशी गेले आणि त्यांनी मला हाक मारली.

"जरा पेडल दाबा."

दाबलं. घट्ट! जसं काही झालंच नव्हतं.

"गेल्या टायमाला पेडल कडक होतं, गाडी थांबत न्हवती," ते म्हणाले. "आज पेडलच स्पंज झालं. थंड झालं तसं परत आलं. हा आजार निराळा हाय, साहेब."

तेव्हा मला कळलं. ऑईल उकळलं होतं. उकळलं की वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पाय जातो, जोर पुढे जात नाही. माझे पॅड चांगलेच धरत होते, म्हणून डिस्क जास्त तापल्या. पातळ डिस्कमध्ये उष्णता मावेना, ती ऑईलपर्यंत पोचली. माझ्याच चांगल्या पॅडनी आम्हाला दरीकडे नेलं होतं.

रशीदभाईंना मी आमच्या लॅबमध्ये नेलं. एका नळीत गाडीतलं जुनं ऑईल, दुसरीत सीलबंद डब्यातलं नवं. जुनं कितीतरी आधी उकळू लागलं. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पाणी मिसळलं की ते लवकर उकळतं. गाडी नुसती उभी असली तरी हे होतच राहतं.

मग भोसरीच्या एका फाउंड्रीत मॅन्युअलमधल्या जाडीच्या डिस्क ओतून घेतल्या. ऑईल काढून जास्त तापमान सोसणारं नवं भरलं. कडक पॅड तेच ठेवणार होतो, पण ताई नाही म्हणाल्या.

"हे सकाळी गार असताना धरत नाहीत. मला शर्यत जिंकायची नाही, कुलकर्णी. माझ्या फाटकापुढे म्हैस आडवी आली तरी गाडी थांबली पाहिजे."

त्यांचं बरोबर होतं. तिसरा सेट मधल्या कंपाउंडचा केला.

जोगळेकर साहेबांनी विचारलं, "रिपोर्टमध्ये कारण काय लिहिताय?"

"ऑईल, सर. आणि मी."

"ऑईल लिहा. तुमच्यासाठी फॉर्ममध्ये रकाना नाही."

पुन्हा घाट. पुन्हा ताईच चालवायला. मी म्हणालो होतो, आधी मी नेतो. "ब्रेक मला वापरायचाय," म्हणून त्यांनी किल्ली दिली नाही. वळणं गेली, पेडल वरच राहिलं. खोपोलीला उतरल्यावर ताईंनी गाडी लावली, आम्हाला चहा पाजला, आणि रशीदभाईंना नमस्कार केला. मला केला नाही.

पुढे त्यांनी ती गाडी बरीच वर्षं चालवली. रशीदभाई आता नाहीत. नातवाचे मित्र ताकदवान गाड्या घेऊन येतात आणि मला विचारतात, आजोबा, कुठले पॅड टाकू? मी विचारतो, ऑईल कधी बदललं? त्यांची तोंडं उतरतात. इतकं साधं उत्तर कुणालाच नको असतं.