ज्याची गोष्ट, त्याला आधी

नलिनीताई सुभेदारांची आणि माझी पहिली भेट बसमध्ये झाली. नवऱ्याची बदली झाशीच्या कारखान्यात झाली होती. आम्ही टाउनशिपमधल्या क्वार्टरमध्ये नुकतेच राहायला आलो होतो आणि सामानाची खोकी उघडून झाल्यावर पुढे काय करायचे ते मला कळत नव्हते. म्हणून एका सकाळी मी एकटीच बरुआसागरचे तळे बघायला निघाले. शेजारच्या सीटवर सुती साडीतल्या एक बाई मांडीवरची कापडी पिशवी घट्ट धरून बसल्या होत्या. कंडक्टरशी त्या बुंदेलीत भांडल्या, मागच्या बाईशी हिंदीत बोलल्या, आणि बस खड्ड्यात आदळली तेव्हा त्यांच्या तोंडून निघाले, "अगं आई गं!"

मी चमकून विचारले, "तुम्ही मराठी?"

"एवढं आदळल्यावर माणूस दुसऱ्या भाषेत कसं ओरडणार?" त्या म्हणाल्या. मग मी कोण, कुठली, कुठे निघाले हे सगळे दोन मिनिटांत काढून घेऊन त्यांनी सांगितले, "तळं कुठं पळून जात नाही. तुम्ही माझ्याबरोबर चला. एका बाईंना त्यांची गोष्ट वाचून दाखवायची आहे."

मी गेले. आज ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लिहायला बसले, तर त्या दिवसापासूनच सुरुवात करावी लागते. ताईंचे काम, त्यांचा हट्ट आणि त्यांच्या मनातली एक इच्छा, हे तिन्ही मी त्या एकाच सकाळी पाहिले.

ज्यांच्याकडे आम्ही गेलो, त्या बाईंना मी इथे रामकली म्हणणार आहे. नाव खरे नाही, आणि गाव कोणते तेही सांगत नाही. रामकलीबाई आल्याच्या शेतावर मजुरी करायच्या. दाराशी शेजारीण गप्पा मारत उभी होती, तिला त्यांनी "हमें जिज्जी सें अकेले में बात करनें" असे सांगून वाटेला लावले. इकडे मोठ्या बहिणीला जिज्जी म्हणतात. मग माझ्याकडे बोट करून ताईंना विचारले, "जे को आंय?"

"हमारी तरफ़ की हैं. नई आई हैं."

रामकलीबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले. "बैठन दो. जे झाँसी में कौन खों जानत!" ही झाशीत ओळखते कुणाला, सांगणार तरी कुणाला, असा तो हिशेब होता. मी बसले.

ताईंनी पिशवीतून नव्या पुस्तकातल्या एका प्रकरणाचे कागद काढले. लिहिलेले मराठीत होते. ते बघत त्या तोंडाने बुंदेलीत सांगत गेल्या, वाक्यामागून वाक्य, कुठेही न अडखळता. रामकलीबाई ऐकत होत्या. हसल्या, एकदा "ऐसई भओ तो", असेच झाले होते, म्हणाल्या, एकदा पदर डोळ्यांना लावला. मी लिहायला लागून तेव्हा बरीच वर्षे झाली होती, पण आपले लिहिलेले ऐकताना कुणाचा चेहरा असा होताना मी पाहिला नव्हता. वाचन संपले. ताईंनी विचारले, "छाप दें?"

"नईं," रामकलीबाई म्हणाल्या. "मोड़ी कौ ब्याव करनें है."

मुलीचे लग्न व्हायचे होते. त्या प्रकरणात रामकलीबाईंनी आयुष्यात कधीतरी एका अडचणीत घेतलेला एक निर्णय होता. तो बाहेर कळला असता तर त्या मुलीला चांगले घर मिळाले नसते. तो निर्णय कोणता, हे मी इथे लिहिणार नाही. वाचकांनी मला क्षमा करावी.

ताई म्हणाल्या, "नाम बदल देते हैं, गाँव बदल देते हैं."

"नाम बदल दो, मनो बात तो हमाई रैहै." नाव बदला, पण गोष्ट तर माझीच राहील ना! ताईंनी कागद पिशवीत घातले, चहा मागितला, आणि परत निघताना रामकलीबाईंनी दिलेले ओले आले पदराच्या टोकात बांधून घेतले.

बसमध्ये त्या बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होत्या. मी नवखी, मला वाटले त्यांना फारसे काही वाटले नसावे. म्हणून सहज म्हणाले, "पुस्तकात बाकी पुष्कळ असेल ना?" ताई म्हणाल्या, "आहे की. पण ह्याच्यासाठीच तर ते पुस्तक लिहायला घेतलं होतं."

ताईंची पुस्तके या ग्रंथाच्या वाचकांना माहीत आहेत. क्रशरवर दगड फोडणारी कुटुंबे, दाराला कुलूप लावून दिल्लीला बांधकामावर जाणारी गावे, आल्याच्या शेतातल्या बाया, आणि पिढ्यान् पिढ्या झाशीत राहिलेली आपली मराठी घरे. त्यांच्या साहित्यगुणांवर लिहिणारी जाणकार मंडळी इथे आहेत. मला फक्त ती कशी लिहिली जातात ते सांगायचे आहे. ताई सरकारी शाळेत भूगोल शिकवत. पहिल्या पुस्तकाच्या वेळी क्रशरवरच्या एका बाईंनी त्यांना सहज विचारले, "बैनजी, का लिखो है?" ताईंनी वाचून दाखवले. ऐकून त्या बाई खट्टू झाल्या. म्हणाल्या, "हम इतने दुखी थोड़े हैं! हम हँसते भी हैं, वो कहाँ लिखा?" ताईंनी ते पुस्तक पुन्हा पहिल्यापासून लिहिले. तेव्हापासून नियम झाला: ज्याची गोष्ट, त्याला आधी वाचून दाखवायची. तो म्हणेल ते खोडायचे. तो नको म्हणाला तर छापायचे नाही.

हा नियम भाबडा नाही, हे आमच्या मराठी मंडळींना चांगले ठाऊक आहे. आपल्या घरांवरचे पुस्तक लिहिताना ताईंनी एक प्रकरण त्यांच्या दिरांना, बापूसाहेबांना वाचून दाखवले. सुभेदारांचा मूळपुरुष पेशव्यांच्या फौजेबरोबर तलवार घेऊन इकडे आला, अशी त्या घरातली समजूत. ताईंनी लिहिले होते की तो धान्याच्या कोठारावरचा कारकून होता आणि त्याने दुष्काळात कोठार सांभाळले. बापूसाहेब संतापले. "वहिनी, आता लोकांना काय तोंड दाखवू? निदान अधिकारी तरी लिहा!"

ताई शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्याबद्दल जे असेल ते सांगा, आत्ता खोडते. खापरपणजोबांचं त्यांना विचारून या."

कारकून तसाच छापला गेला. बापूसाहेब पुढे वर्षभर रुसले आणि मग त्याच पुस्तकाच्या प्रती पाहुण्यांना स्वतः वाटू लागले. झाशीत मराठी बोलणारी घरे थोडी. नातवंडांना आजी काय म्हणते ते कळते, पण उत्तर हिंदीतून येते. मी एकदा ताईंना विचारले, की तुम्ही हिंदीत लिहिले तर इथले सगळे वाचतील, मग मराठीत का? त्या म्हणाल्या, "हिंदीत मी जन्मभर शिकवलं. दुसऱ्याच्या घरातलं सांगताना शिकवायचा आवाज लागू नये. मराठी मी फक्त घरात बोलते, ते बरं पडतं."

आल्याच्या शेतांवरचे पुस्तक छपाईला गेले तेव्हा रामकलीबाईंच्या प्रकरणासाठी प्रकाशकांचा फोन आला होता. मी त्या वेळी ताईंच्या लक्ष्मी गेटमधल्या घरी होते. खाली बांगड्यांचे दुकान, वर दोन खोल्या, आणि दुकानातल्या बायकांचा गलका सतत वर येणारा. त्यातून प्रकाशकांचे बोलणे ऐकू यावे म्हणून ताईंनी फोन स्पीकरवर ठेवला होता. "ताई, ते प्रकरण काढू नका हो. पुस्तक उभं आहे त्याच्यावर. मराठी पुस्तक झाशीत वाचणार कोण? आणि वाचलं तरी ती बाई कोण हे कुणाला कळणार आहे?"

"तिला कळेल," ताई म्हणाल्या.

पुस्तक त्या प्रकरणाशिवाय निघाले. एका समीक्षकांनी लिहिले की पुस्तकाच्या मध्यभागी काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. ताईंनी ते वाचून मान डोलावली. "बरोबर ओळखलं हो यांनी."

त्यांच्या मायेविषयी लिहायचे तर इथे एक मोठा परिच्छेद होता. मी आजारी असताना त्यांनी माझ्यासाठी काय काय केले ते मी त्यात लिहिले होते. हा लेखही त्यांच्याच नियमाने आधी त्यांना वाचून दाखवला. डोळे मिटून ऐकत होत्या, त्या परिच्छेदापाशी उघडले. "हे काढ."

"पण ताई, खरं आहे ते!"

"खरं आहे म्हणूनच काढ. फार तर डब्याचं राहू दे."

तेव्हा डब्याचे सांगते. बरेच दिवस रोज दुपारी लक्ष्मी गेटहून टेम्पो बदलत बदलत टाउनशिपपर्यंत मऊ भात, मेतकूट आणि आल्याचा तुकडा घातलेले ताक येत असे. डबा पाठवत नसत, स्वतः घेऊन येत. बाकीचे खोडले आहे.

रामकलीबाईंच्या प्रकरणाचे मात्र तिथेच संपले नाही. दर थंडीत, शेतातले आले निघाले की ताई तीच बस धरतात. रामकलीबाई शेजारणीला वाटेला लावतात, ताई तेच प्रकरण पुन्हा वाचतात, "छाप दें?" विचारतात, आणि "नईं" ऐकून आले घेऊन परत येतात. मुलीचे लग्न झाले, ती चांगल्या घरी पडली, तरी "नईं" कायम राहिले. मी अनेकदा सोबत गेले आहे. एकदा न राहवून विचारले, "तुम्हाला राग नाही येत?"

"रागाचं काय त्यात? पण छापावंसं वाटत नाही असं समजू नकोस. फार वाटतं गं. माझ्या हातून याहून बरं काही लिहून झालेलं नाही."

यंदा गौरवग्रंथाचे ठरले तेव्हा समितीतल्या एका सद्गृहस्थांनी सुचवले की ते अप्रकाशित प्रकरण या ग्रंथात घ्यावे, ग्रंथाला शोभा येईल. ताई म्हणाल्या, "माझं असतं तर आत्ता दिलं असतं. ज्यांचं आहे त्यांना विचारते." गुडघे आता बसची पायरी चढू देत नाहीत. डॉक्टरांनी प्रवास करू नका म्हणून बजावले होते. आम्ही मोटारीने जाऊ म्हणालो, तर म्हणाल्या, "दारात मोटार थांबली की गाव गोळा होईल. मग ती बाई बोलेल कशी?" तेव्हा मी खालून हात दिला, कंडक्टरने वरून ओढले आणि ताई बसमध्ये चढल्या. त्या दिवशी त्यांनी ठेवणीतली चंदेरी नेसली होती. कागद नव्याने स्वच्छ लिहून आणले होते. त्यांना किती आशा होती हे मला त्या साडीवरूनच कळले.

रामकलीबाई आता थकल्या आहेत. त्यांनी सगळे ऐकले, पहिल्या दिवसासारखेच, हसत आणि डोळे पुसत. ताईंनी विचारले.

रामकलीबाई म्हणाल्या, "अब नातिन है, जिज्जी." आता नात आहे.

ताईंनी कागदांची घडी घातली. अगदी नीट, कडेला कडा मिळवून. "ठीक है," म्हणाल्या, "चाय पिलाओ." त्यामुळे या ग्रंथात ते प्रकरण नाही. त्याच्यासाठी राखलेल्या पानांवर माझा हा लेख आला आहे, हे मी नम्रपणे नोंदवते.

पण या लेखात रामकलीबाईही आहेत. म्हणून गेल्या आठवड्यात मी एकटीच जाऊन त्यांना तो वाचून दाखवला. माझी बुंदेली ऐकून त्या आधी पोट धरून हसल्या. दुसरे कोणते नाव घालू विचारले, तर म्हणाल्या, "हमाई देवरानी कौ धर दो!" जाऊबाईंशी त्यांचे जमत नाही. शेवटी रामकली ठरले. सगळे ऐकून झाल्यावर त्यांनी मान डोलावली. "हओ. जे छाप लो."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी "हओ" पहिल्यांदा ऐकत होते, आणि ते माझ्या वाट्याला यावे याचे मला वाईट वाटले. मी विचारले, "अम्मा, जिज्जी को कब हओ कहोगी?"

त्यांनी माझ्यासाठी आल्याची माती झटकत झटकत माझ्याकडे पाहिले, एखाद्या अजाण मुलीकडे पाहावे तसे.

"हओ कै दैहैं, तो फिर जिज्जी काए खों आहैं?"

हो म्हटले तर मग जिज्जी कशाला येतील? आणि दर वर्षी त्यांची गोष्ट त्यांना कोण वाचून दाखवील?

घरी येऊन मी हे ताईंना सांगितले. ऐकल्यावर त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "लबाड आहे म्हातारी!" मग चष्मा पुसत म्हणाल्या, "आता पुढच्या थंडीत गुडघ्यांना काहीतरी सांगावं लागेल."

नलिनीताईंना उदंड आयुष्य आणि बसची पायरी चढण्याइतके बळकट गुडघे लाभोत. आले दर वर्षी निघो, आणि रामकलीबाईंचे "नईं" अजून पुष्कळ थंड्या टिको, एवढीच माझी मनापासून प्रार्थना आहे.