फेर्डलचा सूर

फेर्डल नेमेचेकला स्वरलिपी तेवढी वाचता येत नव्हती, पण कान असा की विचारू नका! व्हिएन्नाच्या दक्षिण स्टेशनात तो आगगाडीच्या चाकांवर हातोडी मारत हिंडायचा आणि नुसत्या आवाजावरून कुठल्या चाकाला तडा गेलाय ते सांगायचा. बायको रेझी पहिल्या महायुद्धानंतरच्या तापाच्या साथीत गेली. तेव्हापासून त्याला जीव लावायला एकच जागा उरली होती, दर गुरुवारचा कामगारांचा गायकवृंद.

त्यात वृंदाला शिकवणाऱ्या राडलाख मास्तरांनी स्वतः रचलेलं नवं गाणं आणलं. बाराच्या बारा सूर सारख्या मानाचे. सगळे येऊन गेल्याशिवाय आधीचा परत यायचा नाही.

"गाणं कसलं, मांजरांची भांडणं!" निम्मा वृंद कुरकुरला.

फेर्डलने मात्र ध्यासच घेतला. चाकं ठोकता ठोकता बारा सूर घोकत राहिला.

"कसं जमतं रे तुला?" सोबत्यांनी विचारलं.

"नेहमीच्या गाण्यात दमलं की घरच्या सुरावर, म्हणजे सा वर, टेकता येतं," तो म्हणाला. "इथे टेकायची सोयच नाही. प्रत्येकाला वेगळं ओळखावं लागतं, माणसासारखं."

जलशात वाद्यांची साथ नव्हती. अर्ध्यावर बाकीचे सगळे हळूहळू सुरात खाली घसरले. साठ जण एकत्रच घसरल्यावर कळणार कुणाला? फेर्डल एकटा जागचा हलला नाही. सभागृहाला वाटलं, हाच बेसूर. लोक फिदीफिदी हसले, शेजाऱ्याने कोपर मारलं, तरी पठ्ठ्या ढळला नाही. अहो, छाती लागते त्याला!

रंगमंचामागच्या खोलीत वृंदाचे संचालक तोबिश भडकले. "नाक कापलंस आमचं! उद्यापासून येऊ नकोस."

फेर्डलचा चेहरा पांढराफटक पडला. 

तेवढ्यात राडलाख मास्तर आत आले. "फेर्डल, तू थांब. बाकीच्या खर्जवाल्यांनो, शेवटचा सूर धरा. आत्ता गायलात तसाच."

त्यांनी धरला. मास्तरांनी कोपऱ्यातल्या पियानोवर त्याच सुराची पट्टी दाबली. सगळे चांगले अर्धा सूर खाली होते!

"आता तू, फेर्डल."

तो घाबरत गायला. पट्टी आणि गळा एकच झाले. 

"मी लिहिलेलं गाणं आज एकानेच गायलं," मास्तर म्हणाले.  "बोला तोबिश, एकाला काढता की साठांना?"

तोबिश तोंड उघडायच्या आत फेर्डलच घाईघाईने पुढे झाला.

"त्यांना काढू नका हो, मास्तर. मग गुरुवारी मी जाऊ कुणाकडे?"