मोरे सरांना दाखवलेला फ्लॅट

मोरे सर आज सकाळी गेले.

माझ्या वडिलांनी त्यांना घर नाकारलं होतं. अशा दिवशी हे कुणी लिहीत नाही. मी लिहितेय.

२००५-०६ची गोष्ट. सर आम्हाला उल्हासनगरच्या कॉलेजात टीवायला आधुनिक अमेरिकेचा इतिहास शिकवायचे. निम्म्या वर्गाने तो पेपर पुढेमागे अमेरिकेला जायला उपयोगी पडेल म्हणून घेतला होता. कुणी पनवेलच्या पुढे गेलं नाही, ते सोडा. पण सरांच्या लेक्चरला पोरं कॅन्टीनमधून उठून यायची.

सरांना भाड्याने घर हवं होतं. हेंद्रेपाड्यात आमच्या शेतावर नुकतीच बिल्डिंग उठली होती आणि आमच्या वाट्याचा एक फ्लॅट रिकामा होता. मीच उड्या मारत सर आणि काकूंना घेऊन आले.

बाबांनी फ्लॅट दाखवला. काकूंनी गॅलरीत कुंड्या कुठे ठेवायच्या तेही ठरवलं.

आडनाव ऐकून आई तर हरखलीच.

"मोरे? अहो, माझं माहेर मोऱ्यांचं! म्हणजे तुम्ही आमच्यातलेच की!"

पोहे आले, चहा आला.

"देवक काय हो तुमचं?"

सर हसून म्हणाले, "नाही ताई, आम्ही बौद्ध."

आई पोह्यांच्या बश्या उचलायला लागली.

मग बाबांना आठवलं. "अरे हां सर, सांगायचंच राहिलं. हा फ्लॅट मेव्हण्याला कबूल केलाय मी."

मामाला कंपनीची क्वार्टर होती. तो कशाला येतोय?

सरांनी चहा संपवला. "हरकत नाही. पोहे छान होते, ताई."

ते जिना उतरून गेले तशी मी बाबांवर उखडले.

बाबा म्हणाले, "माझं काही नाही गं. माणूस चांगलाय. पण बिल्डिंगवाले काय बोलतील?"

पुढच्याच आठवड्यात सर वर्गात अमेरिकेतल्या घरांवर आले. काळ्या कुटुंबांना गोऱ्यांच्या वस्तीत घर कसं मिळायचं नाही, एजंट "कालच गेलं" कसं सांगायचे. सरांनी तो भाग टाळला नाही, आणि माझ्याकडे बघून टोमणाही मारला नाही.

मागून एकाने विचारलं, "सर, वो मकानवाले सब के सब हरामी थे क्या?"

"नाही रे. बरेचसे भले होते. चहापाणी विचारायचे. म्हणायचे, आमचं काही नाही हो, पण शेजारी काय बोलतील?"

बाबा ते बोलले तेव्हा सर खाली रस्त्यावर पोचले होते. त्यांनी ऐकलेलं नव्हतं. त्यांना ते आधीपासूनच पाठ होतं.

मला बापाची लाज वाटली. मग बापाची लाज वाटते म्हणून स्वतःची.

सरांना अंबरनाथ पूर्वेला घर मिळालं. भेटले की म्हणायचे, "घरी ये गं एकदा." कुठल्या तोंडाने जाणार?

आज त्यांच्या दारात उभी राहिले. काकूंनी लगेच ओळखलं. शेजारणीने आणलेला चहा आधी माझ्या हातात दिला आणि तिला म्हणाल्या, "ही सरांची विद्यार्थिनी. हिच्या घरी आम्ही पोहे खाल्लेत."

फ्लॅटचं नावही काढलं नाही. मी चहा संपवला.

बाहेर येऊन बाबांना फोन केला. म्हटलं, मोरे सर गेले.

"कोण मोरे? आईच्या नात्यातले का?"

सर, तुमच्या विद्यार्थिनीचा अखेरचा जयभीम.